खळबाईंचे चावरे

पहिल्याच दिवशी खळबाईंच्या कपाळावर पुस्तक बसलं. साधंसुधं नव्हे, चांगलं जाडजूड, पुठ्ठ्याच्या बांधणीचं, आणि बसलं तेही कोपऱ्यानं. भुवईच्या वरची कातडी फाटली आणि रक्त थेट डोळ्यात उतरलं. खोलीतल्या मुली एकदम गप्प झाल्या. घाबरून नव्हे हं, आता ही बाई काय करते ते बघायला. आधीची हस्तकलेची बाई रडत गेली होती, तिच्या आधीची शिव्या देत गेली होती.

खळबाईंनी बाहीनं डोळा पुसला, पुस्तक उचललं आणि पडताना जे पान उघडलं होतं तेच मोठ्यानं वाचायला घेतलं. दरोडेखोर दार फोडत होता. आत एकटी म्हातारी, हातात मुसळ. वरची कडी निखळली, खालची निखळली, दरोडेखोराचा पाय उंबऱ्याच्या आत आला, म्हातारीनं मुसळ डोक्यावर उचललं, आणि बाईंनी पुस्तक फटकन मिटलं.

"उरलेलं उद्या."

"अहो बाई, हाणलं का तिनं त्याला?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मला काय माहीत? मी तरी कुठं पुढं वाचलंय? मी चालले कपाळ शिवायला."

दुसऱ्या दिवशी कपाळाला पट्टी बांधून त्या आल्या तेव्हा सगळ्या मुली आधीच येऊन बसल्या होत्या. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

घर म्हणायचं आपलं. पाटीवर 'मुलींचे सुधारगृह' असं लिहिलेलं होतं, मुली त्याला कोंडवाडा म्हणत. कोर्टानं पाठवलेल्या पोरी. कुणी चोरी केलेली, कुणी पळून गेलेली, कुणी शेजारणीच्या पोटात चाकू खुपसलेली. उंच भिंत, लोखंडी फाटक, लांबच लांब झोपायची खोली आणि त्या खोलीवर राज्य काठीमावशीचं. काठीमावशी म्हणजे तिथली पहारेकरीण. तिचं खरं नाव तिलाही आठवत नसेल, काठी मात्र झोपेतही हातातून सुटायची नाही. रांग वाकडी झाली की पोटरीवर काठी, जेवताना हसलं की पाठीवर काठी. मुलीही काही कमी नव्हत्या. न्हाणीघरात एकमेकींची डोकी नळावर आपटायच्या आणि विचारलं तर म्हणायच्या, पाय घसरला.

अशा ठिकाणी हस्तकला शिकवायची, आणि नियम काय? कात्री नाही, सुई नाही, दोरा नाही, तार नाही, काचेची बाटली नाही. आता बोला! मोठ्या मॅडम, म्हणजे तिथल्या अधीक्षक, खळबाईंना म्हणाल्या, "काहीतरी करा हो, ज्यानं या पोरी पुस्तकाला हात लावतील. सध्या लावतात, पण फेकायला."

"मैदा मिळेल?" खळबाईंनी विचारलं. "आणि रद्दी?"

मैद्याची खळ हा त्यांचा जन्माचा धंदा. पुस्तकं बांधायच्या कारखान्यात त्या परकरात असल्यापासून कामाला होत्या. छापील कागदांच्या घड्या घालायच्या, पुस्तकाच्या पाठीला खळ लावायची, दाबून ठेवायची. नवराही तिथलाच, कागद कापायच्या यंत्रावरचा. त्याचा हात फार चालायचा, यंत्रावर आणि घरीसुद्धा. एकदा भाजीत मीठ कमी पडलं म्हणून त्यानं अशी कानाखाली वाजवली की डावा कान कायमचा गेला. खळबाई गप्प राहिल्या. लोक म्हणतात ना, तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तसं किती वर्षं चाललं. मग एका दुपारी त्या घरी खळ शिजवत होत्या आणि त्यानं मागून येऊन हात पिरगाळला. त्या वळल्या त्या पातेल्यासकट वळल्या.

खळ नुसती भाजत नाही, चिकटते. पाण्यासारखी ओघळून जात नाही. नवरा वाचला, पण पुन्हा घरी आला नाही, आणि बायकोनं भाजलं हे चौकीवर सांगायला त्याची जीभ रेटली नाही. आळीतल्या बायका म्हणाल्या, बरं झालं मेल्याला. खळबाई स्वतः त्यावर कधीच काही बोलल्या नाहीत. कोंडवाड्यातल्या मुलींना मात्र ही गोष्ट आठवड्याच्या आत कळली, कशी ते देव जाणे, आणि बाईंचं नाव पडलं खळबाई. त्या नावात थोडा धाकही होता.

तर कात्री नाही म्हटल्यावर खळबाईंनी सांगितलं, "फाडा."

पोरी बघतच राहिल्या. जन्मभर ज्यासाठी मार खाल्ला तेच करायला सांगणारी बाई त्यांनी बघितली नव्हती. जुनी कॅलेंडरं, पाकिटं, वर्तमानपत्रं समोर ओतली होती. बाईंनी घडी कशी घालायची, तिच्यावरून नख कसं ओढायचं, कडेला जिभेचा ओलावा कसा लावायचा आणि मग कागद कापल्यासारखा सरळ कसा फाडायचा ते दाखवलं. कागदाचा लगदा भिजवून, खळ घालून, त्याची मुंडकी केली. लांडग्याचं मुंडकं, राजाचं, दरोडेखोराचं, म्हातारीचं. टेबलाच्या आडून ती मुंडकी एकमेकांवर आपटायची आणि सोबत गोष्ट वाचायची. नियम एकच: जिनं मुंडकं केलं तिनंच त्याचं बोलणं वाचायचं.

सशांच्या मैत्रीची गोष्ट काढली तर पोरी जांभया द्यायच्या. कुणीतरी कुणाला तरी खाल्लं पाहिजे, निदान बदडलं तरी पाहिजे! एक धिप्पाड पोरगी, जिला जोडाक्षर बघून घाम फुटायचा, ती केवळ लांडग्याच्या धमक्या ओरडून वाचता याव्यात म्हणून दोन महिन्यांत घडाघडा वाचायला लागली. मॅडम दारातून बघायच्या आणि डोक्याला हात लावायच्या. "अहो, जरा चांगल्या विचारांचं काही वाचा की!" खळबाई म्हणायच्या, "आधी दात येऊ द्या मॅडम, मग चांगलंचुंगलं चावतील."

दातांवरूनच चावरा निघाला. जुन्या पाकिटाचा बंद कोपरा फाडून घ्यायचा, तो आपोआपच खिशासारखा तिकोनी होतो. त्याच्या कडेला पांढऱ्या कागदाचे दात फाडून चिकटवायचे, वर दोन डोळे. मग जिथं वाचायचं थांबलो त्या पानाच्या कोपऱ्यावर तो चढवायचा. कुठल्यातरी जनावरानं पान तोंडात धरल्यासारखं दिसायचं. पोरींनीच त्याला चावरा म्हटलं. पुस्तकं थोडी, वाचणाऱ्या जास्त, म्हणून एकाच पुस्तकात चौघीपाचजणींचे चावरे असायचे. मिटलेल्या पुस्तकातून ती तोंडं बाहेर डोकावायची आणि कोण पुढं, कोण मागं ते एका नजरेत कळायचं.

आणि मग कायदा झाला. तोही पोरींनीच केला, एका मोठ्या मारामारीनंतर. दोघी जणी चावरा हलवल्यावरून अशा भिडल्या की एकीचे केस कातडीसकट दुसरीच्या मुठीत राहिले. त्यानंतर ठरलं: दुसरीच्या चावऱ्याला हात लावायचा नाही. लावला, तर जिचा हलवला तिनं सगळ्यांसमोर अपराधिणीचा चावरा फाडायचा आणि अपराधिणीनं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायचं. खळबाईंचा स्वतःचाही चावरा होता, कान नसलेल्या मांजराचा. त्यांनीही सगळ्यांसोबत हात वर करून कायदा मान्य केला होता.

अशा सगळ्यात सुसर आली.

आल्या आल्या ती काठीमावशीच्या मनगटाला चावली, म्हणून सुसर. मावशीनं तिला काठी तुटेपर्यंत मारलं, तरी पोरीनं मनगट सोडलं नाही. सावत्र बाप आईला केसांना धरून फरफटत नेत होता तेव्हा या पोरीनं अंगणातली वीट उचलून त्याच्या डोक्यात घातली होती. मेला नाही तो, पण अर्धा चेहरा लुळा पडला आणि त्याचा भाऊ त्याला घेऊन गेला. आईनं कोर्टात काय सांगावं? "हिनं माझं घर मोडलं." ज्या बाईसाठी वीट उचलली तीच असं म्हणाली. पुढं आईचं मन फिरलं. भेटीच्या दिवशी ती यायला लागली, लेकीसमोर नुसती बसायची, स्वतःहून काही बोलायची नाही, पण यायची.

मॅडमनी सुसरला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. "महिनाअखेरीला तुझी सुनावणी आहे. आई तुला घरी न्यायला तयार आहे. तोपर्यंत एक जरी मारामारी केलीस ना, तर घर विसर. मोठ्या मुलींच्या बंद संस्थेत जाशील, अठरा पूर्ण होईपर्यंत." हे अख्ख्या कोंडवाड्याला ठाऊक होतं. ताईसाहेबांना तर फारच.

ताईसाहेब म्हणजे झोपायच्या खोलीतली दादा. वयानं मोठी, अंगानं आडवी, दुसरीच्या ताटातलं उचलून खायची आणि मग त्याच ताटाला नावं ठेवायची. बाकीच्या मुली सुसरला घाबरून गोड बोलायच्या, सुसरबाई तुझी पाठ मऊ म्हणतात तसं. ताईसाहेब ते करणार नव्हती. तिनं ओळखलं, ही पोर महिनाअखेरीपर्यंत हात उचलू शकत नाही. मग काय, आयतंच कोलीत!

सुसरनं चावरा केला तो सगळ्यांत देखणा. दातांच्या दोन रांगा, वरची खालच्या रांगेत बसणारी. पुस्तक निवडलं तेच जाडजूड, ज्यानं खळबाईंचं कपाळ फुटलं होतं. त्यात एक गोष्ट होती लांडग्याची. लांडगा धाकट्या बहिणीला उचलून नेतो, थोरली त्याचा माग काढत रानात जाते, गुहेच्या तोंडाशी तो झोपलेला सापडतो, थोरली मोठा दगड दोन्ही हातांनी डोक्यावर उचलते. तिथं पान संपत होतं. आणि सुसरचा चावरा त्या पानावर बसला तो बसलाच. रोज ती पुस्तक उघडायची, तेच पान बघायची, मिटायची. बाकीच्यांचे चावरे तिला ओलांडून पुढं गेले.

"सुसर चिखलात रुतली गं!" ताईसाहेब म्हणायची. "अक्षर तरी ओळखता येतं का तिला? का नुसती चित्रं चाटते?" मग तिच्या चमच्या टेबल वाजवून "रुतली, रुतली" करायच्या. सुसर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. दात असे आवळायची की जबड्याचं हाड वर यायचं. एकदा न्हाणीघरात ताईसाहेबनं तिच्या पोटात गुडघा घातला, तेव्हाही ती भिंतीला टेकून खाली बसली आणि गप्प राहिली. ओठ मात्र स्वतःच्याच दातांनी फोडून घेतला होता.

खळबाईंचा जीव तुटायचा. त्यांना ते गप्प बसणं चांगलं ठाऊक होतं आणि त्याच्या शेवटाला काय असतं तेही ठाऊक होतं. सुनावणी आठदहा दिवसांवर आलेली. ताईसाहेबला रागावून झालं, मॅडमना सांगून झालं, काही फरक पडेना. त्यांना वाटलं, बिचारीला वाचायला जमत नाही आणि लाजेनं सांगता येत नाही. मग एका दुपारी मुली यायच्या आधी त्यांनी ते पुस्तक काढलं, सुसरचा चावरा अलगद सोडवला आणि दहाबारा पानं पुढं नेऊन बसवला. ताईसाहेबचं तोंड बंद होईल, पोरीची मान वर होईल, महिना निभेल. बस्स, एवढंच मनात होतं. अहो, ज्या बाईनं कायद्याला हात वर केला होता तिनंच! पण मायेपोटी माणूस कुठला मूर्खपणा करणार नाही?

मुली आल्या. स्वयंपाकीण खळीचं पातेलं आणून दाराजवळच्या टेबलावर ठेवून गेली. नुकतीच चुलीवरून उतरवलेली, वर बुडबुडे फुटत होते. खळबाई कपाटात डोकं घालून पुठ्ठे काढत होत्या, बहिरा डावा कान खोलीकडं.

सुसरनं पुस्तक घेतलं. चावरा कुठल्या पानाला लागलाय ते बघितलं. मग आपलं जुनं पान शोधत ती मागं मागं उलटत गेली. नेमकी त्याच वेळी ताईसाहेब कशावर तरी फिदीफिदी हसली.

पुस्तक ताईसाहेबच्या तोंडावर बसलं. नाकाचं हाड वाजलेलं सगळ्यांनी ऐकलं. ती उठते न उठते तोच सुसरनं तिच्या केसांना धरून डोकं भिंतीवर घातलं, एकदा, दोनदा. ताईसाहेबही काही ऐकणारी नव्हती. तिनं रक्तानं भरलेल्या तोंडानंच सुसरच्या गळ्यात हात घातला आणि तिला टेबलावर उताणी पाडली, अंगठे गळ्यात रुतवले. बाकडी उलटली. लगद्याची मुंडकी पायाखाली चिरडली गेली. कुणी किंचाळत होतं, कुणी "मार, मार" ओरडत होतं. सुसरनं गुडघा मारून स्वतःला सोडवलं, ताईसाहेब कोपऱ्यात कोसळली, आणि सुसरच्या हाताला लागलं पातेलं.

खळबाई वळल्या तेव्हा पोरीनं ते फडक्यात धरून डोक्यावर उचललेलं होतं. खाली ताईसाहेब, दोन्ही हात तोंडावर घेऊन.

"मी हलवला!" खळबाई ओरडल्या. "चावरा मी हलवला गं! तिनं नाही, मी!"

सुसरनं मान वळवली. पातेलं तसंच वर.

"तुम्ही?"

"मीच. तुला चिडवतात म्हणून. चुकले मी."

"तुम्ही?" ती पुन्हा म्हणाली आणि पातेल्यासकट बाईंच्या दिशेनं फिरली. तिच्या डोळ्यांत आता ताईसाहेब नव्हतीच.

खळबाई मागं हटल्या नाहीत. "टाकायची तर माझ्यावर टाक," त्या म्हणाल्या. "पण ऐक आधी. मी टाकलीय ही एकदा. तो ओरडला ना, तो आवाज अजून येतो मला. या कानात येतो, ज्यात दुसरं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तुला घरी जायचंय, बाळा. तो आवाज घेऊन जाऊ नकोस. एक आधीच आहे तुझ्याकडं."

पोरीची पकड सैल झाली. फडकं घसरलं. पातेलं कललं, आणि खळबाईंनी पुढं होऊन ते उघड्या हातांनी धरलं.

किंचाळी बाईंनीच मारली. पातेलं जमिनीवर आपटलं, पण त्याआधी खळ त्यांच्या दोन्ही तळहातांवर आणि मनगटांवर आली होती, आणि सांगितलं ना, ती ओघळून जात नाही. त्या खाली बसल्या. धिप्पाड पोरगी पाण्याची बादली घेऊन धावली. तेवढ्यात काठीमावशी काठी उगारून आत आली, समोर रक्त, उलटी बाकडी आणि मधोमध उभी असलेली सुसर. तिनं काही विचारलंही नाही. पहिला तडाखा सुसरच्या खांद्यावर बसला. पाठोपाठ मॅडम धापा टाकत आल्या.

"थांबा!" खळबाई बादलीत हात घालून ओरडल्या. "माझ्या हातून सुटलं पातेलं."

"आणि हिचं नाक?" मॅडमनी ताईसाहेबकडं बोट दाखवलं. "खरं बोल. मारलं ना हिनं तुला?"

ताईसाहेबनं एक 'हो' म्हटलं असतं की सुसरचं घर संपलं. ताईसाहेबनं नाकाचं रक्त ओंजळीत धरलं होतं. तिनं सुसरकडं बघितलं, मग खळबाईंकडं बघितलं, आणि बघितलं ते फार रागानं.

"खळ सांडली, माझा पाय घसरला, तोंड टेबलावर आपटलं," ती म्हणाली. "म्हातारी धांदरट आहे. बघून तरी ठेवा पातेलं!"

मॅडमना पटलं नाही, पण सगळ्या पोरी एका सुरात घसरला, घसरला म्हणायला लागल्यावर त्या तरी काय करणार? काठीमावशीनं जाता जाता आणखी एक तडाखा दिला, सवयीनं.

चार दिवसांनी खळबाई दवाखान्यातून परत आल्या. दोन्ही हातांना बोटांपर्यंत पट्ट्या. खोलीत शिरल्या तर सगळ्या पोरी उभ्या. ताईसाहेबचं नाक सुजून गालांना टेकलेलं, तरी पुढं तीच होती.

"नियम सगळ्यांचा," ती म्हणाली. "तुम्हीही हात वर केला होता. मोडला कुणी?"

"मी."

"माझ्यावर आळ आला, नाक माझं फुटलं. तरी मी तोंड उघडलं नाही, कारण चावऱ्याची भानगड या खोलीतली आहे. माझा कुणी हलवला असता तर मीही हेच केलं असतं. मग आता?"

"फाडा," खळबाई म्हणाल्या.

सुसर पुढं आली. तिनं कान नसलेलं मांजर काढलं, बाईंच्या डोळ्यांसमोर धरलं, आणि घडीवर नख ओढून, ओलावा लावून, बाईंनीच शिकवल्यासारखं सरळ फाडलं. कुणी हसलं नाही. खळबाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"आता पहिल्या पानापासून," धिप्पाड पोरगी म्हणाली. "पण बाईंना पानं कशी उलटता येणार?"

"मी वाचते," सुसर म्हणाली, आणि येऊन बाईंच्या उजव्या बाजूला बसली, ऐकू येणाऱ्या कानाशी.

तिनं वाचायला सुरुवात केली आणि खळबाई चकित झाल्या. पोरगी कुठं अडखळत नव्हती, जोडाक्षरावर थांबत नव्हती. दरोडेखोराचा आवाज जाड, म्हातारीचा चिरका. म्हातारीनं मुसळ हाणलं तेव्हा तर अख्खी खोली ओरडली.

"अगं कार्टे, तुला येतं की वाचायला!"

"येत नाही असं मी कधी म्हटलं?"

"मग त्या एका पानावर का बसून राहिलीस?"

सुसरनं नुसतं पान उलटलं आणि पुढं वाचत राहिली.

सुनावणीच्या आदल्या दुपारी लांडग्याची गोष्ट आली. बाकीच्या पोरी लगदा मळत होत्या. थोरलीनं गुहा शोधली, लांडगा झोपलेला, थोरलीनं दगड दोन्ही हातांनी उचलला. पान संपलं. सुसर थांबली. यावेळी खळबाई बोलणार नव्हत्या, जीभ चावून बसल्या असत्या पण बोलल्या नसत्या.

"इथं तिनं अजून मारलेलं नाहीये," सुसर हळूच म्हणाली. "हातात आहे अजून. इथवर ती चांगली आहे, बहीण पण जिवंत आहे. पुढचं पान आलं की दगड पडणार. मग गोष्ट संपली. मग दुसरीच कुठलीतरी सुरू होणार, तिच्यात ही नसणार."

पट्टीतला हात उचलून खळबाईंनी पोरीच्या पाठीवर ठेवला. दुखला, तरी ठेवला.

सुसरनं पान उलटलं.

दगड पडला. लांडगा विव्हळत उठला आणि एक पाय ओढत रानात गेला. थोरलीला उलटी झाली. धाकटी गुहेतून बाहेर आली आणि आधी बहिणीला घाबरली, मग रडत येऊन बिलगली. थोरलीनं तिला पाठंगुळी घेतलं आणि घराची वाट धरली. वाट लांब होती. सुसर वाचत होती, पान उलटत होती, आणि गोष्ट संपतच नव्हती. वाटेत नदी आली, पाऊस आला, धाकटी झोपली.

"अजून आहे की हो," ती म्हणाली. "दगड पडल्यावर पण आहे. केवढी आहे!"

आणि मग ती रडली. कोंडवाड्यात आल्यापासून काठी तुटेपर्यंत मार खाऊन जी रडली नव्हती ती पोर पुस्तकावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली, आणि ताईसाहेबनं लगदा मळता मळता पाठ फिरवली, बाकीच्या पोरींनाही कोपरानं ढोसून फिरवायला लावली.

दुसऱ्या दिवशी कोर्टानं तिला घरी जायला सांगितलं. आई फाटकाशी येऊन उभी होती, हातात लेकीच्या चपला धरून. सुसर फाटकापर्यंत गेली आणि तशीच परत पळत खोलीत आली. काठीमावशी मागून ओरडत होती.

"बाई, माझी गोष्ट पुरी नाही झाली. त्या अजून वाटेतच आहेत. पुस्तक नेऊ?"

"पुस्तक नेऊ देत नाहीत गं. पण भेटीच्या दिवशी ये की, फाटकातून आत यायला तुला काय बंदी आहे?"

सुसरनं जाडजूड पुस्तक काढलं. दातांच्या दोन रांगांचा चावरा, दोघी बहिणी नदी ओलांडून चालल्या होत्या त्या पानाला नीट चावायला लावला, आणि पुस्तक मिटून फळीवर ठेवलं.

"कुणी हलवायचा नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तुम्हीसुद्धा नाही."

"मीसुद्धा नाही," खळबाई म्हणाल्या.

मग ती गेली. आईनं चपला खाली ठेवल्या, त्या तिनं पायात घातल्या, आणि दोघी रस्त्याला लागल्या.